एकवीस आणि आठ शून्यं

४ फेब्रुवारी

अ‍ॅप स्टोअरने अपडेट परत पाठवलं! नवलचा नंबर तेवढा बदलायचा होता. नवल आमच्या संस्थेच्या गाडीचा ड्रायव्हर. धडगावला थांबतो, पाड्यावरून अडलेल्या बाईसाठी फोन आला की निघतो. मी बनवलेल्या अ‍ॅपमध्ये एकच मोठं लाल बटण आहे. दाबलं की त्याला फोन. त्याचं जुनं सिम बंद पडलं, नवा नंबर घेतला. बटण अजून जुन्यालाच फोन लावतंय.

५ फेब्रुवारी

कारण सापडलं. नसतं सापडलं तर बरं!

अ‍ॅपच्या माहितीच्या फाइलमध्ये आवृत्तीचे दोन आकडे असतात. एक माणसांनी वाचायचा — २.१. दुसरा फक्त मशीनसाठी. साधा आकडा, पण दर अपडेटला आधीपेक्षा मोठाच लागतो. मागच्या वेळी ललित म्हणाला होता, "२.१ लाच शून्यं जोड ना, पुढे सोपं जाईल." मामाचा मुलगा, पुण्यात हेच काम करतो. मी जोडली. एकवीस आणि आठ शून्यं. स्टोअरने मुकाट घेतलंही. आणि नेमकी तीच शेवटची मर्यादा! पुढचा आकडा चालत नाही, मागे येता येत नाही.

ललितला फोन केला. म्हणाला, "कामिनी, हे अ‍ॅप आता कायमचं असंच राहणार."

आई दारातून — "जेवाले चाल ना. तुन्हं तोंड का उतरी गे?" काय सांगू तिला?

७ फेब्रुवारी

स्टोअरला लिहिलं, विनवण्या केल्या. उत्तर — वेगळ्या ओळखीने नवीन अ‍ॅप टाका. टाकलं. पण ज्यांच्या फोनमध्ये जुनं आहे त्यांना कोण सांगणार? रेंज नसली तरी उघडेल असं बनवलं होतं, इंटरनेटशी संबंधच ठेवला नाही. केवढा अभिमान होता त्याचा! आता मला इथे म्हसावदला बसून त्यात शिरायला वाटच नाही.

८ फेब्रुवारी

जुन्या नंबरवर स्वतः फोन लावला. सुरतचा कुणी माणूस, कंपनीने तो नंबर आता त्याला दिलाय. "बेन, रोज फोन आवे छे! हूं शुं करूं?" म्हटलं, निदान नवा नंबर सांगा त्यांना. फोन कट. परत लावला — ब्लॉक.

रोज. रोज म्हणाला तो.

१० फेब्रुवारी

घरोघरी जाऊन फोन बदलायचे, दुसरा उपाय नाही. डोंगरात जाऊ कशी? नवलच म्हणाला, "ताई, गाडी शेच ना. मी लई जास तुले." संस्थेच्या मॅडमनी परवानगी दिली. फोनच लागत नाही तर गाडी नुसती उभी राहून काय उपयोग, असं मलाही वाटलं.

११ फेब्रुवारी

धडगावपलीकडचे पाडे झाले. जुनं काढायचं, नवं टाकायचं, बटण दाबून बघायचं. नवलच्या खिशात रिंग वाजते आणि सगळे हसतात. मीही हसले. किती दिवसांनी!

१२ फेब्रुवारी

काठी गाव. इथली दाई धनुबाई. तिने माझ्याकडे नीट पाहिलंसुद्धा नाही.

"बटण दाबलं तर माणूस गुजरातीत ओरडतो. मग आम्ही बाईला झोळीत टाकलं."

"वाचली?"

"वाचली. तुझ्या फोनने नाही."

तिचा फोन घेतला. जुनं काढलं, नवं टाकलं.

१३ फेब्रुवारी

अजून काठीतच. दमले. सकाळी वरच्या घरांचे फोन झाले, दुपारनंतर खालचे घेऊ.

१४ फेब्रुवारी

काल दुपारी धडगावपलीकडच्या पाड्यावरून शांतीबाईच्या नवऱ्याने लाल बटण दाबलं. नवलने पहिल्याच रिंगला उचललं. आम्ही काठीत. पोचेपर्यंत अंधार पडला.

बाळ गेलं.

नंबर बरोबर होता. गाडी माझ्याकडे होती.