बंदूक टोबियासचीच

२ नोव्हेंबर
आजपासून रोजनिशी. निश्चय दोन. एक: भिंतीवरच्या लाँगरायफलचा, म्हणजे जुन्या लांब नळीच्या बंदुकीचा, कारागीर शोधणे. नळीवर नाव नाही, पण मला ठाऊक आहे. माझे खापरपणजोबा टोबियास सेक्लर. फक्त सिद्ध करायचं बाकी. दोन: बायकोचा, व्हर्नाचा, स्वयंपाकघरातला ड्रॉवर आवरणे. ती गेली त्याला उन्हाळा उलटला. मी अगदी ठीक आहे.

५ नोव्हेंबर
बंदूक लग्नात व्हर्नाच्या माहेरून आली, हे कबूल. ती जन्मभर म्हणायची, आमच्या ड्राइसबाखांनी घडवलीय. मी म्हणायचो, तुमच्या लोकांनी चीजशिवाय काय घडवलंय? आमच्याकडूनच विकत घेतली असणार. ड्रॉवर उद्या.

९ नोव्हेंबर
मित्र लमार येऊन गेला. जुन्या बंदुकांतलं त्याला कळतं असं लोक म्हणतात. दस्त्यावर हात फिरवून म्हणाला, एलवुड, ही ठेवण डोंगरापलीकडची, लीहाय परगण्याकडची. आपल्या बर्क्स परगण्याची नव्हे. मी म्हटलं, टोबियास कामाला पलीकडे जात असेल. लमार म्हणाला, अरे, तो घोड्यांना नाल ठोकायचा ना? मी म्हटलं, नाल काय नि नळी काय, लोखंडच! त्यावर त्याने स्क्रॅपलची, डुकराच्या मांसाची, आणखी एक तळलेली वडी वाढून घेतली. पटलं असावं.

१७ नोव्हेंबर
नाताळात गावच्या प्रदर्शनात बंदूक ठेवणार. पितळी पाटी करायला टाकली: कारागीर टोबियास सेक्लर. लमार म्हणतो, जरा दम धर. दस्त्यातल्या पितळी डबीवर ट्यूलिप आहे, त्याची एक पाकळी मान टाकलेली. तीच म्हणे घडवणाऱ्याची सही. हे कारागीर एकच नमुना जन्मभर वापरत. तो आणखी कुठे दिसला की कारागीर सापडला. ठीक. म्युझियमं पालथी घालतो. ड्रॉवरला वेळ कुठला?

२८ नोव्हेंबर
थँक्सगिव्हिंगला मेहुणीकडे. आर्लीनने सगळ्यांदेखत विचारलं, दाजी, ताईचा ड्रॉवर उघडलात का हो? म्हटलं, संशोधनात आहे. ती म्हणाली, बंदूक पळून जातेय का? टर्की कोरडी होती.

७ डिसेंबर
बर्फ. म्युझियमं झाली. ट्यूलिप ढीगभर, सगळे ताठ मानेचे. घरी येऊन सवयीने दोन कप कॉफी केली. दोन्ही प्यायलो. वाया कशाला घालवायची.

१४ डिसेंबर
आर्लीनचा फोन. नाताळच्या बिस्किटांसाठी ताईचा पत्र्याचा साचा हवाय. नाइलाजाने ड्रॉवर उघडला. साचा वरच होता.
ट्यूलिप. एक पाकळी मान टाकलेली.
बंदुकीच्या डबीवरच्या ट्यूलिपवर ठेवून पाहिला. तंतोतंत बसला.
व्हर्ना दर नाताळला सांगायची, आमच्या खापरपणजोबांनी बायकोला करून दिलेला साचा आहे हा. मी ती वाकडी पाकळीच आधी खायचो आणि म्हणायचो, पत्रा वाकलाय, नवा आण.

१५ डिसेंबर
लमारने साचा पाहिला. म्हणाला, ड्राइसबाखच. तेवढ्यात टोबियासची पाटी आली. छान झालीय. परत पाठवली.
लमार गेल्यावर स्वयंपाकघरात उभा राहून मोठ्याने म्हटलं, व्हर्ना, तुझंच खरं होतं. एवढं ऐकायला मिळालं असतं तर ईस्टरपर्यंत मला सुखाने जेवू दिलं नसतं तिने. फार आठवण येते.
आर्लीनला फोन करून सांगितलं, साचा सापडत नाही. ड्रॉवर आवरायचा राहिलाय.