मास्तरीणबाईंची न्याहारी

प्रिय चिमणे,

तुझी मास्तरीण गेली. फोनवरच सांगणार होते, पण हल्ली बाबा फोनशेजारी बसून असतात, म्हणून लिहिते. सकाळी खुराड्याचं दार उघडलं तर बाकीच्या नेहमीसारख्या ढकलाढकली करत बाहेर आल्या आणि ही दांडीखाली पंख पसरून पडलेली. आदल्या संध्याकाळी तर सगळ्यांना टोचून टोचून वर्गात बसवत होती. अंगावर जखम नाही, पीस विस्कटलेलं नाही. तुरा तेवढा फिका पडला होता. ती पिल्लू असताना तू तिला टोपीत घालून आणलं होतंस, तेच आठवत राहिलं.

मला धसका बसला साथीचा. खालचा भुसा बदलला, पाण्याची भांडी उकळत्या पाण्याने धुतली, जाळी कुठे फाटलीय का ते बोटांनी चाचपून पाहिलं. हस खुशाल, कोंबडी दिसली की खुर्चीवर चढणारी तुझी ताई खुराड्यात रांगत होती. बाबा म्हणाले, उपाशी मेली असेल, तुम्ही कुणी वेळेवर घालत नाही. मला रागच आला. खाद्य आणि शिंपल्यांचा चुरा मी रोज मापून घालते. मक्याचं पोतं मात्र भराभर संपत होतं. उंदरांवर आळ घेऊन मी पिंजराही लावला होता.

मास्तरणीला पिशवीत घालून जनावरांच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्यांनी पोट उघडून दाखवलं. चरबीचे थरच्या थर, पिवळं पडलेलं यकृत, ते फुटून आत साकळलेलं रक्त. साथ नाही म्हणाल्या, बाकीच्यांना काही होणार नाही. पण मका चवीपुरता द्या, पाला द्या, अंगणात हिंडू द्या. आणि एवढे लाड करतंय तरी कोण?

दुसऱ्या दिवशी स्वयंपाकघराच्या खिडकीशी भाजी निवडत बसले. बाबांनी डबा वाजवला. चला गं पोरींनो, उपाशी आहात, म्हणत मका टाकला. हात धुतले, पेपर वाचला, चष्मा पुसला. मग उठून पुन्हा डबा वाजवला. चला गं पोरींनो, उपाशी आहात. तोच आवाज, तीच माया. जेवण झाल्यावर पुन्हा. आणि मास्तरीण दरवेळी सगळ्यांना हटवून पुढे असायची. मी उंदरांचा पिंजरा गुपचूप माळ्यावर टाकला.

मका कपाटात बंद केला आणि बाबांच्या डब्यात आता कोबी, पालक बारीक चिरून भरते. कितीदाही टाकू देत. पहिल्या दिवशी डब्यात डोकावून म्हणाले, मका हिरवा कसा गं? म्हटलं, नवी जात आहे. दोघंही खूप हसलो. ते कशाला हसले, कोण जाणे.

काल संध्याकाळी फाटकाकडे बघत त्यांनी विचारलं, चिमणी शाळेतून आली नाही का अजून? मी म्हटलं, येईलच. तेवढ्यासाठी हे पत्र. रजा काढून ये. तू आलीस की ते तुला जेवायला वाढतील, आणि हात धुऊन आलीस की पुन्हा पान मांडतील. तेव्हाही जेवायला बस. नाही म्हणू नकोस.

आता कोंबडी कडेवर घेणारी,
तुझीच ताई