फराळाची गोळी

४ नोव्हेंबर, मंगळवार
परवा माहूरहून घरी आलो. नेहमीसारखं दोन दिवसांत पळायचं ठरलं होतं. पण आज मायला डायलिसिसला नांदेडला न्यायला कुणी नव्हतं, म्हणून मी गेलो. तिथल्या नागसेनभाऊनं—मशीन तोच लावतो—रिपोर्ट दाखवला. फॉस्फरस ८.४! साडेपाचच्या आत पाहिजे. म्हणून मायच्या अंगाला खाज, म्हणून हाडं दुखतात. मशीन तो सगळा काढत न्हाई म्हणे. डॉक्टरनं तीनदा फॉस्फरसच्या गोळ्या वाढवल्या, आकडा काही उतरत न्हाई. पुढच्या महिन्यातही असाच आला तर मानेतल्या ग्रंथीचं ऑपरेशन. परतीच्या गाडीत माय धर्माबाद येईपर्यंत हात खाजवत बसली.

५ नोव्हेंबर
गोळीचे तीन व्हिडिओ बघितले. मधेच बाजाच्या पेटीच्या दुरुस्तीचा लागला, तोही शेवटपर्यंत बघितला. पण गोळी लई भारी चीज हाय! खाल्ल्यातला फॉस्फरस पोटातच धरते, रक्तात जाऊच देत न्हाई. फक्त अन्नासोबत घ्यायला पाहिजे—पोट रिकामं असलं तर धरणार काय? मायला विचारलं. दर जेवणाला घेते, एकदाही चुकवली न्हाई म्हणते. खोटं बोलणारी न्हाई ती. मग?

६ नोव्हेंबर, गुरुवार
सापडलं!! दुपारी माय ताट घेऊन बसली. भगर, वर शेंगदाण्याची आमटी—वाटीभर न्हाई, चांगली ताटभर. नंतर दूध. गोळीचा पत्ता न्हाई. म्हटलं, माय, गोळी?
"ती जेवणासोबत. मी आज कुठं जेवले? उपवास हाय."
"मग हे काय खाल्लं?"
"फराळ."
मी तिथंच नाचलो! सोमवार, गुरुवार, शनिवार—आठवड्यात तीन दिवस गोळी न्हाई, अन् वरून शेंगदाणे. फॉस्फरसची खाणच ती! डॉक्टर म्हणतो जेवण, माय ऐकते जेवण. दोघंही बरोबर.

७ नोव्हेंबर, शुक्रवार
नागसेनभाऊला सांगितलं. आधी हसला, मग हसू थांबलं. त्यानं शेजारच्या खाटेवरच्या साखराबाईला विचारलं—एकादशीला गोळी घेता का मावशी? त्या म्हणाल्या, "एकादशीला कुठं जेवतो बाबा आपण!" भाऊनं लगेच कागदावर मोठ्या अक्षरात लिहून भिंतीला चिकटवलं: गोळी फराळालाही. अक्षर माझ्यापेक्षा वाईट. डॉक्टर म्हणाले, शेंगदाणे-दूध बंद, उपवास सोडला तर बरंच. माय म्हणाली, शेंगदाणे सोडते, उपवास न्हाई. का, ते सांगितलं न्हाई.

८ नोव्हेंबर
फराळाला बसली. पहिल्या घासालाच गोळी. मी समोर मांडी घालून!

१९ नोव्हेंबर
खाज कमी झाली म्हणते. आज पाठ खाजवायला बोलावलं न्हाई.

२ डिसेंबर, मंगळवार
५.२!! पाच पॉइंट दोन!!! ऑपरेशन रद्द. नागसेनभाऊनं चहा पाजला, मी दोन प्यायलो. तेवढ्यात दोस्त शिवकुमारचा लातूरहून फोन—लग्नसराई हाय, मंडपाच्या कामाला ये. रविवारी येतो म्हटलं. आता इथं माझं काय काम? गोळी तर ती घेतेच.

४ डिसेंबर, गुरुवार
सकाळी भाकरीचा वास आला. माय चक्क जेवायला बसली होती. म्हटलं, आज गुरुवार ना?
"सोडले तिन्ही वार. तू घरी टिकावास म्हणून धरले होते. महिना झाला, टिकलास की."