तळपायातल्या सुया

दिपेश,

सुया टोचून घ्यायला मी जव्हारला जाते आहे. दुपारच्या गाडीने परत येईन. नागलीची भाकर झाकून ठेवली आहे, गरम करून खा.

लकव्यानंतर तूच मला धरून उभी करायचास. तू भिवंडीला कामाला गेलास, तेव्हापासून डॉक्टरबाई माझ्या तळपायात बारीक सुया टोचतात. त्यात औषध काही नसतं, पण आखडलेला पाय सैल होतो. काल मी अंगणात कशालाही न धरता उभी राहिले. तुझी आई म्हणाली, "बरं झालं, दिपेशला आता सारखं घरी यायला नको." मी हसले, पण मनात धस्स झालं.

संध्याकाळी लगेच परत निघू नकोस. मला घ्यायला फाट्यावर ये. तुला बघून माझा तोल गेला, तर जाऊ दे.

तुझी पुष्पा