टॉवरवाली

बाबा, मी पुन्हा शिकायला लागले आहे. कॉम्प्युटर नेटवर्कमध्ये एम.टेक. करतेय, पॉलिटेक्निकच्या नोकरीतून रजा घेऊन, या वयात. पहिलं वर्ष हैदराबादला हॉस्टेलवर काढलं, आता प्रबंधापुरती आदिलाबादला भाड्याच्या खोलीत राहते. वर्गातली पोरं मला अक्का म्हणतात, मान देतात आणि सिनेमाला जाताना विसरतात. त्यांचं काही चुकत नाही. पहिल्या वर्षाचा निकाल लागला तेव्हा फोन हातात घेतला आणि कुणाला लावावा तेच कळेना. तुम्ही तर कधीचेच नाही, आई दोन पावसाळ्यांपूर्वी गेली. अभिनंदन पुष्कळांनी केलं, पण मला ते नको होतं. त्याची पोरगी शिकली, असं तुमच्या ओळखीचं एखादं माणूस म्हणालं असतं तर तेवढ्याने माझं पोट भरलं असतं.

तुम्ही मंडल ऑफिसात कारकून होतात. भंगारात निघालेला एक काळा फोन तुम्ही पिशवीत घालून घरी आणता. आई चुलीपुढे भाकरी थापतेय. ती फोनकडे बघते आणि म्हणते, "लोकं पोरीले भावली आनतात. तुमी हे काय आनलं?" तुम्ही शांतपणे पायातल्या चपला काढता. "खोलू दे तिले. बिघडलेलाच हाय, आनखी काय बिघडन?" मी पेचकस घेऊन बसते, सगळ्या तारा बाहेर काढते आणि विचारते, यातली कोणती तार बोलणं नेते? तुम्ही म्हणता, "मले काय मालूम? तू शिकून सांगजो." आता मला माहीत आहे, बाबा. अख्खी संध्याकाळ सांगू शकेन इतकं माहीत आहे.

रागावलातही एकदाच. गाव सोडून आदिलाबादला आलो, मला तिथल्या तेलुगू शाळेत घातलं, पहिल्याच आठवड्यात मी दप्तर फेकून रडत बसले. समजूत घालाल असं वाटलं होतं. तुम्ही आवाज चढवलात, "रडून काऊन राह्यली? बाजूच्या पोरीले इचार. तोंड कायले देल्लं?" मी विचारलं, शिकले, पॉलिटेक्निकात शिकवते तेही तेलुगूतच. पण हैदराबादला रात्री मेसमध्ये ताट घेऊन उभी राहिले की कोणत्या टेबलावर बसू, हे विचारायला मात्र तोंड उघडायचं नाही. चाळिशीच्या बाईने असं विचारायचं तरी कुणाला?

गेल्या आठवड्यात आपल्या गावी गेले होते. जैनथपर्यंत बस, पुढे ऑटो. माझा विषयच सीमेवरच्या गावांचा आहे. माणूस बोलत बोलत पैनगंगेकडे चालत गेला की त्याचा फोन अलीकडचा टॉवर सोडून पलीकडचा, महाराष्ट्रातला धरतो, आणि त्या धरसोडीत बोलणं तुटतं. ते नेमकं कुठे आणि का तुटतं, हे मला मोजायचं होतं. दोन फोन हातात, लॅपटॉप पाठीवर, विहारापासून नदीपर्यंत जायचं आणि परत यायचं. कापूस वेचणीचे दिवस, तरी माणसं जमलीच. शहरातली बाई फोनकडे बघत एकाच रस्त्यावर येरझारा घालतेय म्हटल्यावर त्यांनी आपला अर्थ लावला, कंपनीची बाई टॉवरसाठी भाड्याने जागा बघतेय. एक जण पुढे आला. "मॅडम, टावर हमारे वावर में डालो, रोड टच है." दुसऱ्याने त्याला बाजूला सारलं. "उसके वावर में पानी भरता, मॅडम. हमारा देखो." मला हसू आलं. मी खरं काय ते हिंदीतच सांगितलं, पण टॉवरसाठी न आलेली बाई कुणाला पटणार?

तेवढ्यात आपल्या जुन्या घराशेजारची काकू आली. कमरेवर हात ठेवून चालायची तिची तऱ्हा अजून तशीच आहे, मी लांबूनच ओळखलं. आई मजुरीला गेली की मी तिच्याच चुलीपाशी झोपायची. तिने तांब्या पुढे केला. "पानी पीव मॅडम, धूप बहुत है." आपल्याकडे आपलं माणूस दिसलं की पाण्याच्याही आधी विचारतात, कोनाची व्हय वं तू? परक्याला विचारत नाहीत, परक्याला पाणी देतात. मी पाणी प्याले. ती सोबतच्या सुनेकडे वळली आणि आपल्या बोलीत म्हणाली, "टावरवाली हाय. एकटीच आली बिचारी. घरचं कोनी नसन काय सोबतीले?" आपल्या बोलीतलं एक वाक्य बोलले असते तरी काम झालं असतं. ते ओठावर आलं होतं. पण मला राग आला होता, कुणाचा ते ठाऊक नाही. "शुक्रिया अम्मा," एवढं म्हणून मी तांब्या परत दिला आणि ऑटोची वाट बघत उभी राहिले. बसमध्ये खिडकीकडे तोंड करून मनसोक्त रडले.

आकडे चांगले आलेत. सर खूश आहेत, प्रबंध होईल. हे लिहिलेलं मात्र कुठे जायचं नाही, म्हणून सरांना न सांगितलेलं तुम्हाला सांगते. त्या गावी जायची काहीच गरज नव्हती. बाकीच्या पोरांनी असली कामं कॉम्प्युटरवर खोटी गावं, खोटे टॉवर उभे करून केली, आणि सरांनी मलाही तेच सुचवलं होतं. मीच हट्ट धरला. मला वाटलं, त्या रस्त्यावरून पुन्हा पुन्हा फिरत राहिले तर कुणीतरी मला अडवेल आणि तुमचं नाव घेईल.