उत्स्फूर्त सोलो, पाठ केलेला

३ मार्च
साडूने फर्मान काढलं. रविवारी लायब्ररीच्या हॉलमध्ये त्याची सहा गाणी, त्याने बांधली तश्शीच. तो गाणार, अकॉर्डियन वाजवणार. मी गिटार. पहिल्या गाण्यानंतर दोन मिनिटं मला मोकळी. या वेळीही भरकटलास तर आपली जोडी संपली म्हणाला. मोकळेपणाला घड्याळ लावतो! मागच्या वेळी माझा सोलो चौदा मिनिटं चालला, म्हणून पोटदुखी. दुसरं काय.

४ मार्च
गाण्यांचे कागद दिले. बघितले नाहीत. कलावंत कागद बघत नसतो. बायको म्हणाली, अहो, निदान दुसरं गाणं तरी बसवा. बहिणीच्या नवऱ्याचीच बाजू घेणार.

६ मार्च
ऐन वेळी काय सुचेल याचा भरवसा नाही. म्हणून उत्स्फूर्त सोलो आजच लिहून काढला. कोरा कागद मिळेना. साडूच्याच एका कागदाच्या पाठीवर लिहिला. कडेला टीप : ‘इथे अचानक सुचल्यासारखं थांबणे.’

७ मार्च
सोलो पाठ. डोळे कुठे मिटायचे तेही ठरलं. साडूने विचारलं, गाणी आली का. म्हटलं, हातचा मळ!

९ मार्च, दुपार
शर्टाला इस्त्री केली. आज दाखवतोच.

१० मार्च
पहिलं गाणं छान झालं. मी अगदी हळू वाजवलं. कुणाला ऐकू गेलं नाही. मग माझी दोन मिनिटं. डोळे मिटले. चौथ्या ओळीनंतर सगळं कोरं. फक्त ‘थांबणे’ आठवलं. थांबलो. बराच वेळ.
साडूने अकॉर्डियन उचललं आणि मनाला येईल ते वाजवत सुटला. वर हसतोय! लोक उभं राहून टाळ्या वाजवत होते. माझी दोन मिनिटं ढापली लेकाने. उरलेली पाच गाणीही मी तशीच हळू वाजवली.

११ मार्च
साडूचा फोन. जोडी मोडायची नाही म्हणाला. मात्र यापुढे मोकळं तो वाजवणार, मी फक्त गाणी, लिहिली तशी. म्हटलं, विचार करून सांगतो. आणि लगेच हो म्हटलं. जोडी मोडली तर एकट्याने वाजवावं लागेल याची मला भीती वाटत होती, हे कबूल करायला माझं काही जात नाही. इथे कोण वाचतंय!
संध्याकाळी सोलोचा कागद उलटा केला. मागे दुसरं गाणं निघालं. पहिली ओळ वाजवली. बायको आतून म्हणाली, चुकलं. आणि ओळ गाऊन दाखवली. सहाही गाणी तिला पाठ! म्हटलं, माझी तयारी नाही हे साडूला सांगू नकोस. म्हणाली, अहो, त्यांनीच तर मला सांगितलंय, तुम्हाला शिकवायला. रोज अर्धा तास.
मी साफ नकार दिला. पहिली शिकवणी उद्या सातला.