सात ते आठचा रकाना

४ फेब्रुवारी २००८, सोमवार
सर्व्हेच्या मुलीने, सौंदर्याने, आज घरात एक वही दिली. आठवडाभर कोणतं रेडिओ स्टेशन किती वाजता ऐकलं, एवढंच तीत भरायचं. मत लिहायला जागा नाही. म्हणून ही दुसरी वही विकत आणली.

ह्यांचा कार्यक्रम संध्याकाळी सात ते आठ, इथल्या एफएमवर. तालमींच्या संघांचा फुटबॉल, कुस्ती, लोकांचे फोन. त्याच वेळी दुसऱ्या स्टेशनवर दिल्लीची हिंदी क्रिकेटची बडबड, अख्ख्या देशाला एकच. स्टेशनचा मॅनेजर ह्यांना म्हणाला, ह्या आठवड्याचे आकडे पडले तर आपणही दिल्लीच घेऊ.

हे एकोणतीस वर्षं फुटबॉलचे पंच. आता घरात बोलत नाहीत. बोलतात ते सात ते आठ.

सौंदर्याने विचारलं, घरात कुणी रेडिओत आहे का. मी नाही म्हणाले. हे मानधन घेत नाहीत, म्हणजे ते काम नव्हे.

आज सातला मी ही वही आणायला गेले होते. कार्यक्रम उद्यापासून ऐकेन.

५ फेब्रुवारी
ठराव: रोज साडेसहा ते आठ घरोघर जायचं. प्रचार नव्हे, आठवण. पहिलंच घर अंबूबाईचं. म्हणाली, रेडिओच न्हाय की बाई आमच्यात. आमचा ट्रान्झिस्टर देऊन आले. एक श्रोता वाढला.

६ फेब्रुवारी
तेरा घरं. गिरणीवाले आण्णा म्हणाले, व्हय की बाई, पंचसाहेबांचं सोडून दुसरं काय लावतोय काय आम्ही! आतून हिंदीत स्कोअर ऐकू येत होता. शेजारचा असावा.

८ फेब्रुवारी, सव्वासात
अंबूबाईकडे दिल्ली. म्हणाली, त्यो हिंदीतला बाबा लई हसवतोय. पंचसाहेब निस्तं नियम सांगत्यात. मी म्हणाले, नियम सांगायचेच असतात. ती म्हणाली, मग तुमी का नाय बसत ऐकत?
कामं असतात.
ट्रान्झिस्टरचे सेल उतरले असावेत. काटा आपोआप सरकतो.

१० फेब्रुवारी, रविवार
एकूण एक्केचाळीस घरं. आकडे पडणं शक्य नाही.
हे साडेआठला आले. ऐकलंस का, विचारलं. ऐकलं, मी म्हणाले. हे चप्पल काढून तसेच उभे राहिले. मग म्हणाले, तुझं नाव घेतलेलं चाललं ना?
चाललं, मी म्हणाले.
जेवताना ह्यांनी दोनदा माझ्याकडे बघितलं. कार्यक्रमात काय बोलले ते आता विचारता येत नाही.

११ फेब्रुवारी, सोमवार
सकाळी अंबूबाई, आण्णा आणि आणखी सहा घरांत विचारून आले. काल पंचसाहेब काय म्हणाले? छान म्हणाले, बाई. काय छान? ते कुणाला सांगता येईना.
दहाला सौंदर्या येणार होती. सात ते आठच्या रकान्यात पेन्सिलीने ह्यांचं स्टेशन लिहिलं. सातही दिवस. मग रबराने पुसलं. कॉपी करणाऱ्या पोरींना मी तीस वर्षं वर्गाबाहेर काढलं आहे.
सौंदर्याने पानं चाळली. म्हणाली, संध्याकाळी कुणीच ऐकत नाही का तुमच्याकडे?
दिलं: सर्व्हेची वही एक. सात ते आठ, सातही दिवस, कोरे. खाली माझी सही.